एक डिस्क काढली तर काय होतं?

कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं, असं माझं ठाम मत होतं. २००८च्या मे महिन्यापर्यंत!

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात एक नवी पेटी आली होती. आत चार हार्ड डिस्क, मागे नेटवर्कची वायर. अख्ख्या ऑफिसच्या फाइली म्हणे या एका ठिकाणी राहणार. विकत घेण्याआधी तिचा वेग कोण तपासेल, असं साहेबांनी विचारलं, आणि माझा हात सगळ्यांच्या आधी वर! ऑफिसच्या गर्दीत खरा वेग कळत नाही, असं सांगून मी ती कासार आंबोलीला घरी आणली.

"ऑफिसचं काम घरी आणलंस, ठीक," माझी बायको मेधा म्हणाली. "पण हॉलमधल्या टीपॉयवर का?"

"हवा लागते तिला!"

आता वेग मोजायचा तर आत भरायला भरपूर काहीतरी हवं. मला सिद्धनाथ आठवला. आमच्या शेजारी मेंढरं राखणारे धुळाआबा आहेत, त्यांचा हा पुतण्या. पौडला लग्नाचं शूटिंग करतो. लगीनसराईत त्याची डिस्क तुडुंब भरलेली.

"सगळं माझ्याकडे टाक," मी म्हटलं. "आणि तुझी डिस्क, कॅसेटी बिनधास्त पुसून वापर!"

"दादा, काय गडबड न्हाई ना व्हनार? यात आबांच्या राजनंदिनीचं लगीन हाय."

"अरे, या पेटीतली एक डिस्क जळली तरी केसाला धक्का लागत नाही!"

हे खरं होतं. म्हणजे एका पद्धतीत खरं होतं. त्या पद्धतीत एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघी निभावून नेतात. पण वेग बैलगाडीचा! म्हणून मी दुसरी पद्धत लावली. प्रत्येक फाइलचे तुकडे करून चारही डिस्कवर वाटायचे, राखीव काही ठेवायचं नाही. सिद्धनाथची सगळी लग्नं भुर्रकन आत गेली! आकडा बघून मी हॉलमध्ये एकटाच नाचलो, आणि त्या नादात पद्धत बदलल्याचं साफ विसरलो.

रविवारी राजनंदिनी नवऱ्याला घेऊन माहेरी आली. धुळाआबा, त्यांची बायको सुंदरामावशी, लेक, जावई, सिद्धनाथ, सगळे आमच्याकडे लग्न बघायला जमले. आमचा स्क्रीन मोठा ना! मावशी अगदी स्क्रीनला नाक लावून बसल्या.

"मावशी, लग्न तर तुमच्याच दारात झालं की," मेधा म्हणाली.

"पोरीच्या आयनं अक्षता पडताना बगायचं नसतंय, बाई. मी मागं तुळशीला पानी घालत व्हते. नुस्तं 'सावधान' ऐकलं. समदी म्हनत्यात, लई ग्वाड दिसत व्हती."

हळद झाली, बँड झाला, मंगलाष्टकं जवळ आली. गप्प बसावं की नाही माणसानं? पण समोर एवढी मंडळी! मी व्हिडिओ थांबवला.

"आबा, गंमत दाखवतो. पेटी चालू असताना एक डिस्क बाहेर काढतो. बघा काय होतं!"

"काडू नगा," धुळाआबा म्हणाले. "चाललंय त्ये चालू द्या की."

मी काढली!

स्क्रीन काळा. पेटी केकाटायला लागली. तेव्हा कुठे मला ती दुसरी पद्धत आठवली. घाईघाईने डिस्क परत आत खुपसली, तर स्क्रीनवर प्रश्न आला: नवी डिस्क दिसते आहे, पेटी नव्याने तयार करू का? सगळे माझ्याकडे बघत होते. जाणकार माणसाने अशा वेळी गोंधळलेलं दिसू नये, म्हणून मी रुबाबात 'हो' दाबलं. पेटी शांत झाली. आणि रिकामी झाली!

"सिद्धनाथ, तुझी कॅसेट...?"

"तिच्यावर दुसरं लगीन घेतलं, दादा. तुमीच म्हनलात. बाकीच्यांच्या सीड्या दिल्यात, ह्ये घरचं म्हनून ऱ्हायलं व्हतं."

मावशींनी पदराने नुसता डोळा पुसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता काय करायचं?" मी रडवेला होऊन विचारलं.

"काय म्हंजी? परत लावायचं!" धुळाआबा उठले. "नवरा-नवरी हायेत, क्यामेरा हाय. येकदा लगीन लागलंय, आता आयनं बगितलं तर काय बिगडत न्हाई."

मेधाने पलंगावरची चादर ओढून आणली, तोच अंतरपाट. अक्षतांना डब्यातला बासमती. जावई बर्म्युड्यात! मंगलाष्टकं कोण म्हणणार? सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला एकच येत होतं, तेही अर्धं. तेच मी चार चालींत म्हटलं. बाहेर मेंढरं ओरडायला लागली.

"सावधान!"

अक्षता पडल्या. मावशी समोर उभ्या राहून डोळे भरून बघत होत्या. "ग्वाड दिसतीया गं माजी बाय!" म्हणत हसत होत्या, रडत होत्या.

शूटिंग संपल्यावर मी सिद्धनाथपुढे हात केला. "आण, एक कॉपी पेटीत..."

मावशींनी झटकन कॅसेट कमरेच्या पिशवीत कोंबली. "तुमच्या पेटीत? न्हाई रं बाबा!"

आता पाहुणा आला की मावशी त्या कॅसेटवरून केलेली सीडी लावतात. "ह्यो रेकनारा कोन?" असं कुणी विचारलं, तर म्हणतात, "भटजी आलं न्हाईत, म्हनून शेजारचा धरून आनला." पेटीचा विषय त्यांनी आजवर कुणापाशी काढलेला नाही. एवढी अब्रू राखली हो माझी! फक्त मी दारात दिसलो, की आधी उठून त्या टीव्हीपुढे उभ्या राहतात.