व्यंकटराव सरांचा खासगी गाइड

माणूस पारखण्यात आपला हात धरणारा अख्ख्या जिंतूर तालुक्यात कोणी नाही, असं बोरीच्या शाळेतल्या व्यंकटराव सरांचं ठाम मत होतं. हे मत त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं नव्हतं, पण त्यानं काही बिघडत नाही. बैल असो, भाडेकरू असो की टेलर, सर चार प्रश्न विचारत आणि पाचव्या मिनिटाला निकाल देत. तिथं एक गाइड निवडणं म्हणजे हातचा मळ!

आता बोरीतल्या माणसाला गाइड कशाला लागला, ते सांगतो. सर चित्रकलेचे शिक्षक. तेहतीस वर्षं ते वर्गात हैदराबादच्या सालारजंग म्युझियमचं वर्णन करत आले होते. संगमरवराची बाई, तिच्या तोंडावर संगमरवराचीच ओढणी आणि त्या ओढणीतून दिसणारा चेहरा! "पोरांनो, मी तिच्यासमोर उभा होतो तवा अंगावर काटा आला," असं सर म्हणाले की, पोरांच्याही अंगावर काटा येई. शेजारच्या वर्गातले शिक्षक खडू थांबवून ऐकत. सगळं खरं वाटे. खोटं एवढंच होतं की, सरांनी ते म्युझियम उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी त्या बाईचा फोटो एका कॅलेंडरवर पाहिला होता. वर्गात बोलता बोलता 'मी पाहिलंय' असं तोंडून निघून गेलं. मग निघालेला शब्द परत कसा घेणार? दुसऱ्या वर्षी त्याला पालवी फुटली, तिसऱ्या वर्षी फांद्या, आणि तेहतिसाव्या वर्षी त्याच्या सावलीत शाळा बसू लागली.

सरांच्या निवृत्तीला महिना उरला तेव्हा हेडमास्तर भुजंग सरांनी बैठकीत जाहीर केलं, "शाल-नारळ तर सगळेच देतेत! आपण सरांला त्यांच्या म्युझियमला घेऊन जाऊ. आपण अकराजण, सरांच्या घरची मंडळी, आन् दाखवणार कोण? सर सोता!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनीही टाळ्या वाजवल्या, पण मनात एकच! तेहतीस वर्षांची इज्जत एका दिवसात मातीत जाणार!

तेव्हा सरांनी बेत केला. सहलीच्या आधीच्या रविवारी गुपचूप एकट्यानं हैदराबादला निघायचं, सोमवारी एक खासगी गाइड धरायचा, सगळं म्युझियम पाठ करायचं आणि मंगळवारी शाळेत हजर! घरी सांगायचं, परभणीला परीक्षकांची दोन दिवसांची बैठक आहे.

मोबाइलवर शोधलं तर गाइडांची ही भली मोठी रांग! दोन तासांची टूर, चार तासांची टूर, फोटोसकट टूर, जेवणासकट टूर. प्रत्येकाच्या नावाखाली चांदण्या. सरांचा चांदण्यांवर विश्वास नव्हता. बसस्टँडसमोरच्या खानावळीलाही साडेचार चांदण्या होत्या आणि तिथली आमटी सरांनी खाल्लेली होती.

पहिला गाइड इंग्रजीतून बोलला. सरांनी सात वेळा 'येस येस' म्हणून फोन ठेवला. दुसऱ्यानं विचारलं, "कितने लोग?" सर म्हणाले, "अकेला." त्यावर तो "अकेले?" असं इतक्या कळवळून म्हणाला की, सरांना अपमान वाटला. तिसऱ्यानं मात्र फोन उचलून म्हटलं, "हां सर, बोला की."

"मराठी हाव का तुमी?"

"मूळचे पूर्णेचे, सर. नाव योगीराज."

सरांना भरून आलं. पण सर भुलणारे नव्हते. गाइडला म्युझियम माहीत असणारच, त्यात काय पाहायचं? पाहायचं ते हे, की गडी तोंडाचा घट्ट आहे का? उद्या यानं कुठं बभ्रा केला तर? आणि सरांचा सिद्धांत असा की, घराणं चांगलं असेल तरच माणसाच्या पोटात गोष्ट राहते. म्हणून सरांनी घराण्यापासून सुरुवात केली.

"वडील काय करतेत?"

"रेल्वेत होते. रिटायर झाले."

"भाऊ किती? जमीन हाय का? तंबाखू, सुपारी?"

"एक भाऊ, सर. जमीन हाय चार एकर. तंबाखू न्हाई. सर, टूर दोन तासाची पाहिजे का चार—"

"ते बघू मागून! आजोळ कोणतं तुमचं?"

चौदा मिनिटं हे चाललं. चौदा मिनिटांत म्युझियमचा 'म' निघाला नाही. शेवटी सर म्हणाले, "एकदा व्हिडिओवर तोंड बघू द्या." तोंड पाहून माणूस कळतो, हा सरांचा दुसरा सिद्धांत. व्हिडिओ लागला. तोंड चांगलं होतं. तेवढ्यात सरांची मुलगी मंजुषा, जी जिंतूरला मेडिकलच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, "बाबा, माझं चार्जर कुठंय?" म्हणत मागं येऊन उभी राहिली. योगीराजनं तिकडून नमस्कार केला. तिनंही केला.

आता एवढ्यावर सर थांबले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण सरांनी पूर्णेला साडूला, म्हणजे बन्सीधरला फोन लावला. "अमुक एक पोरगा हाय. घराणं कसं, गल्लीत चौकशी करून सांग. आन् कशासाठी ते इचारू नको!"

बन्सीधरनं विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? घरात सव्वीस वर्षांची लेक असलेला माणूस एखाद्या मुलाची जमीन, आजोळ आणि तंबाखू विचारतो, तेव्हा आपल्याकडे त्याचं कारण एकच असतं! बन्सीधरनं गल्लीत चौकशी केली, त्यात मामाकडून लांबची सोयरीकही निघाली. तो हरखून गेला. सरांना त्यानं 'घराणं एक नंबर' एवढंच कळवलं, आणि सरांनी योगीराजची टूर ठरवून टाकली. त्यानं बायकोला सांगितलं, बायकोनं आपल्या बहिणीला, म्हणजे सरांच्या पत्नीला, कडूबाईंना सांगितलं. कडूबाईंनी डोळ्याला पदर लावला. आजवर आलेल्या स्थळांना 'बघू' म्हणून वाटेला लावणारा नवरा आपण होऊन पोरीसाठी धडपडायलाय! बोलून दाखवलं तर बिचकेल, म्हणून त्या गप्प राहिल्या आणि भिंतींना रंग द्यायला लागल्या. सरांना वाटलं, निवृत्तीची तयारी चाललीय.

तिकडे पूर्णेत योगीराजच्या वडिलांनी, लिंबाजींनी, मुलाला फोनवर विचारलं, "कोणाचा फोन होता म्हणं?"

"गिऱ्हाईक हाय, दादा. टूर पाहिजे त्यांला."

"येड्या! टूरसाठी कोणी आजोळ इचारतंय का?"

 

रविवार उजाडला. सर पिशवी घेऊन गुपचूप मागच्या दारानं निघतात आणि फाटक उघडतात, तर समोर दोन गाड्या! आणि गाड्यांतून चौदा माणसं उतरतायत! पुढं बन्सीधर, मागं धोतर सावरत लिंबाजी, आणि त्यांच्या मागं, नव्या शर्टात, घाम पुसणारा खुद्द गाइड!

"तुमी?" सर किंचाळले. "तुमी इथं कामून? मीच यायलो होतो की तुमच्याकडं!"

"ऐका, मंडळी!" लिंबाजींनी सरांना कवेत घेतलं. "पिशवी घेऊन निघालेच होते पावणे! याला म्हणतेत आपुलकी!"

सगळे आत गेले. परभणीची बैठक हा पोरगा बघायला जायचा बहाणा, असं कडूबाईंनी परस्पर ताडलं होतं आणि पाहुण्यांनाच घरी बोलावलं होतं. बैठकीत सतरंज्या घातलेल्या होत्या, ताटल्यांत पोहे वाढलेले होते, आणि मधोमध, मोठं माणूस म्हणून कडूबाईंनी बोलावलेले भुजंग सर बसले होते! सरांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पाठोपाठ अंधारी आली. 'मला जावई नको होता, गाइड पाहिजे होता,' एवढंच तर म्हणायचं होतं. पण त्यावर भुजंग सर विचारणार, 'गाइड? तुमाला? कशाला?' मग तेहतीस वर्षं गेली पाण्यात!

सर पोह्यातले शेंगदाणे निवडत बसले. आणि मग त्यांची त्यांनाच लाज वाटली. आपलं खोटं झाकायला लेकीला उजवून टाकायचं? असला बाप कुठं असतो का? ते उठले आणि थेट स्वयंपाकघरात गेले. मंजुषा चहा गाळत होती.

"मंजे," सर हळूच म्हणाले, "तुला न्हाई म्हणायचं आसंल तर आत्ताच म्हण. मी सांभाळतो. काय बी झालं तरी सांभाळतो."

"बाबा, मला पसंत हाय," ती म्हणाली. "मावशीनं त्याचा नंबर दिलता. आठ दिवस झाले, आमी रोज बोलायलोत." मग चहाच्या गाळणीकडे पाहत म्हणाली, "माझ्या एका बी स्थळाची तुमी एवढी चौकशी केली नव्हती. मला लय बरं वाटलं."

  आपण जे केलं ते कशासाठी केलं, आणि पोरीला ते काय वाटलं! ते बाहेर आले आणि लिंबाजींसमोर हात जोडून म्हणाले, "आमाला पसंत हाय." दुपारपर्यंत सुपारी फुटली.

पण हिशेब उरलाच. हैदराबाद बुडालं आणि सहल सहा दिवसांवर! त्या रात्री मात्र सरांना एकदम सुचलं, आणि ते अंथरुणात उठून बसले. अरे, गाइड तर आता घरचाच झाला! योगीराज राहतो हैदराबादलाच. सहलीच्या दिवशी तोच सगळं दाखवेल, आपण फक्त जाणकारासारखी मान हलवायची. खोटं झाकलं गेलं, आणि लेकीचं लग्नही जमलं. माणसाची पारख, दुसरं काय!

सहलीच्या सकाळी हैदराबादच्या स्टेशनवर योगीराज घ्यायला आला. सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज योगीराज दाखवतील आपल्याला म्युझियम!"

"काय?" कडूबाई कडाडल्या. "जावयाला कामाला लावता? मांडव पडायच्या आधी? लोक तोंडात शेण घालतील!"

"मामी, ते माझं रोजचंच काम—" योगीराज म्हणाला.

"इथं न्हाई! तुमी आमचे मानाचे पावणे!" म्हणत कडूबाईंनी त्याच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि हाताला काम नको म्हणून त्याच्या हातातली पिशवीसुद्धा काढून घेतली.

"वहिनींचं बराबर हाय," भुजंग सर म्हणाले. "आन् सर सोबत असताना गाइड कशाला!"

तर असं व्यंकटराव सरांनी सालारजंग म्युझियममध्ये जन्मात पहिल्यांदा पाऊल टाकलं. मागं अकरा शिक्षक, पाचजणांच्या हातात वही. त्यांच्या मागं कडूबाई, मंजुषा, आणि टोपी घातलेला, तोंडाला कुलूप लावलेला, हैदराबादचा गाइड.

सरांनी मनाशी एकच धरलं होतं. ती बाई सापडली की निभावलं. तिचं वर्णन तोंडपाठ होतं. पण बाई कुठं होती? समोर चिनी मातीची भांडी होती. सर डावीकडे वळले. तिथं तलवारी होत्या. सर उजवीकडे वळले. उभं राहिलेल्या माणसाला लोक प्रश्न विचारतात, हे ओळखून सर थांबतच नव्हते. शेवटी ते जवळजवळ पळू लागले. त्यांच्या मागं अकरा शिक्षक पळू लागले.

"सर, ही तलवार कोणाची हो?" भुजंग सर धापा टाकत ओरडले.

"तिच्याकडं मागून! आधी खरं बघायचं ते बघा! इकडं!" आणि सरांनी समोरचं दार ढकललं.

लख्ख ऊन होतं. एक झाड होतं. झाडाखाली दुचाक्या उभ्या होत्या. अकरा शिक्षक बाहेर येऊन अर्धगोलात उभे राहिले आणि पाचांनी वह्या उघडल्या.

भुजंग सरांनी एका स्कूटरला मान तिरकी करून पाहिलं. मग दुसऱ्या बाजूनं पाहिलं. "सर," ते आदरानं म्हणाले, "इथं काय बघायचं?"

सरांनी तोंड उघडलं. तेहतीस वर्षं या तोंडानं दगा दिला नव्हता. पण समोर मंजुषा उभी होती, आणि ती त्यांच्याकडे इतक्या विश्वासानं पाहत होती की, सरांना पुढचं खोटं सापडेना.

"भुजंग सर," ते म्हणाले, "मला बी माहीत न्हाई. मी बी आज पहिल्यांदाच आलोय."

 एकानं वहीत ते लिहूनही घेतलं.

"म्हंजे... ती बाई?" भुजंग सर म्हणाले.

"कॅलेंडरवर पाहिलती."

"आन् पावण्यांची ती चौदा मिनिटांची चौकशी?" कडूबाई पुढं आल्या.

"गाइड पाहिजे होता," सर मातीकडे बघत म्हणाले.

आता मात्र सगळ्यांच्या माना एकदम योगीराजकडे वळल्या. योगीराजनं धंद्याच्या सवयीनं घसा खाकरला, हात वर केला—

"खबरदार!" कडूबाई म्हणाल्या. "काही झालं तरी जावई काम करणार न्हाई!"

हात खाली आला. अकरा शिक्षक उन्हात उभे होते. आणि मग मंजुषा म्हणाली, "मी सांगते. मला सगळं पाठ हाय."

"तुला?" सर म्हणाले. "तुला कसं?"

"आमी रोज बोलायलो होतो की." ती लाजली. "ह्यांला दुसरं काही बोलताच येत न्हाई. चौदा दिवसात सगळं म्युझियम झालं. बाईपाशी दोन दिवस होतो."

तिनं दारावरच्या माणसाला समजावून सांगितलं आणि सगळ्यांना परत आत नेलं. ही तलवार, ते हस्तिदंत, इकडून या, हात लावू नका. अकरा शिक्षक मुकाट्यानं तिच्या मागं गेले. मग एका वळणावर ती थांबली, आणि समोर ती बाई होती.

दगडाची ओढणी होती आणि ओढणीतून चेहरा दिसत होता. कॅलेंडरवर हे काहीच आलेलं नव्हतं. सर बघत राहिले. त्यांच्या अंगावर खरोखरच काटा आला, आणि आता ते कुणाला सांगायची सोय उरली नव्हती.

"बाबा," पुढून मंजुषाचा आवाज आला, "मागं एकटेच नका थांबू. मी काय सांगायलेय तिकडं ध्यान द्या."

सरांनी भुजंग सरांकडून वहीचं एक पान मागून घेतलं आणि म्हणाले, "हो, मॅडम."