अजून एक थर

"सेकंडहँड म्हणू नकोस," मास्तर म्हणाले. "जर्मन गाडी सेकंडहँड होत नसते. ती फक्त घर बदलते."

"म्हणजे तिनं आधीच्या मालकाला दमवलं आणि त्यानं ती तुमच्या गळ्यात मारली. एवढंच ना?" बायकोनं बुटांच्या नाड्या आवळत विचारलं.

मास्तरांची मोटार ड्रायव्हिंग शाळा होती, आणि सगळं गाव त्यांना 'सावकाश मास्तर' म्हणायचं. शिकाऊ माणूस गाडीत बसला की त्याच्या कानावर पहिला शब्द पडायचा तो 'सावकाश', आणि लायसन्स हातात घेऊन तो निघाला की शेवटचाही तोच. मास्तरांचं उभं आयुष्य शिकाऊंच्या शेजारच्या सीटवर, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून गेलं होतं. शाळेची ती डबड्यासारखी छोटी गाडी विसाच्या पुढे कधी गेली नव्हती. एकदा एक बाई बाबागाडी ढकलत त्यांना ओव्हरटेक करून गेल्या होत्या, आणि तरीही मास्तरांनी शिकाऊला सांगितलं होतं, "बघा, घाई कशी नसावी!"

बायको नेमकी उलट. शाळेत खेळाच्या बाई. मुलांना पळवणं हा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे गळ्यात कायम शिट्टी. नवऱ्याच्या गाडीतून ती वेळ असला तरच जायची. घाई असली की चालत.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. पण परवा त्या डबड्यातून येताना खिडकीबाहेर बघत ती सहज म्हणाली, "अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुमच्या गाडीत माझा एक केस कधी हलला नाही."

बोलली आणि विसरूनही गेली. मास्तरांच्या मात्र ते जिव्हारी लागलं. बायकोच्या केसांतून एकदा तरी वारा गेला पाहिजे, नाहीतर आपण गाडीतले कसले मास्तर! तिरीमिरीत ते जुन्या गाड्यांच्या एजंटकडे गेले, आणि तिथे त्यांना ती दिसली. काळी, लांबट, नाक जमिनीला टेकवून बसलेली.

"स्पोर्ट्स आहे साहेब," एजंट म्हणाला. "रोज वापरा. रोज पळवली नाही तर आजारी पडते."

"आधीचे मालक रोज वापरायचे?"

"ते रविवारी वापरायचे. बाकीचे दिवस ती गॅरेजात असायची."

हा एजंटचा विनोद आहे असं समजून मास्तर मनमुराद हसले आणि त्यांनी सौदा पक्का केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला बातमी दिली, आणि संध्याकाळी चावी घेऊन ते थेट तिला शाळेतून घ्यायला गेले. जातानाच थोडी अडचण जाणवली होती. गाडी ऑटोमॅटिक, तिला क्लचच नाही, आणि मास्तरांचा डावा पाय क्लच शोधायला गेला की तो ब्रेकवर पडायचा. गाडी मग मुजरा केल्यासारखी जागच्या जागी वाकायची.

"फिरायला नेऊ?" त्यांनी ऐटीत विचारलं.

"आधी घरी. दिवसभर उन्हात उभी आहे मी."

गाडी घराच्या गल्लीत वळली. इंजिन कसं घुमत होतं! मास्तरांनी बायकोकडे अभिमानानं पाहिलं, आणि तेवढ्यात खालून आवाज आला. खर्रर्रर्र! गाडी थांबली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि पोट मधल्या गतिरोधकावर.

आता या गतिरोधकाची जन्मकथा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो मास्तरांनीच घातला होता. शेजारचे दातांचे डॉक्टर स्कूटर जोरात चालवतात, म्हणून मास्तर नगरपालिकेच्या इंजिनिअरकडे चपला झिजेपर्यंत खेटे घालत राहिले होते. मजूर आले त्या दिवशी ते शाळा बंद ठेवून स्वतः उभे राहिले. मजुरांनी एक थर टाकला. "अजून एक थर," मास्तर म्हणाले. तो झाला. "अजून एक." शेवटी डांबर संपलं म्हणून काम थांबलं. डॉक्टरांच्या फाटकासमोरच हे चाललं होतं आणि डॉक्टर तावातावानं भांडत होते.

"मास्तर, हा गतिरोधक नाही, हा डोंगर आहे! एक दिवस तुमच्याच पोटात घुसेल!"

डॉक्टरांची वाणी खरी ठरली. पोट फक्त गाडीचं होतं.

मास्तर घामाघूम झाले. आवाज ऐकून डॉक्टर फाटकाशी आले, दोन्ही हात कमरेवर ठेवून त्यांनी गाडी डोळे भरून पाहिली आणि गोड आवाजात म्हणाले, "सावकाश, मास्तर, सावकाश."

बायको खाली उतरली. तिचं वजन कमी होताच गाडी बोटभर वर आली. तिनं वाकून चाकांखाली पाहिलं, शिट्टी फुंकली आणि हातवारे सुरू केले. "मागे! थांबा! आता तिरकी घ्या, एकेक चाक चढवा! डॉक्टर, तुमचं फाटक उघडा, नाक आत येतंय!" फाटक उघडलं, गाडीचं नाक डॉक्टरांच्या गुलाबांत शिरलं, आणि असं तिरकं तिरकं करत गाडी अखेर डोंगरापलीकडे उतरली.

तेव्हापासून हा रोजचा कार्यक्रम होऊन बसला. सकाळी मास्तरांनी डॉक्टरांची बेल वाजवायची, डॉक्टरांनी फाटक उघडायचं, बायकोनं उतरून शिट्टी वाजवायची, मग पलीकडे जाऊन पुन्हा बसायचं. डॉक्टरांचे पेशंटही गाल धरून खिडकीशी उभे राहायचे. दुखणं विसरायला बरं पडायचं त्यांना.

"हौसेनं घेतलीत गाडी," चौथ्या-पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "पण मी तिच्यात बसते कमी आणि उतरते जास्त. त्यापेक्षा चालत गेले तर वेळेवर तरी पोचेन."

आणि ती खरंच चालत जाऊ लागली. ज्या केसांसाठी एवढा खटाटोप केला ते आता गाडीत बसायलाच तयार नव्हते. मास्तरांचा जीव कासावीस झाला.

त्यांनी उपाय सुरू केले. गाडीचं वजन कमी करावं म्हणून डिकीतलं जादा चाक काढून घरी ठेवलं. दुसऱ्याच दिवशी भर बाजारात पंक्चर. मग मास्तर ते चाक आणायला घरी चालत गेले आणि चाक रस्त्यानं ढकलत परत आले. वाटेत तीन जुने विद्यार्थी भेटले. तिघांनीही विचारलं, "मास्तर, बाकीची गाडी कुठंय?"

नंतर त्यांनी फळी टाकून उतार करायचं ठरवलं. हाताशी मजबूत फळी एकच होती, शाळेतला वाहतुकीच्या चिन्हांचा फळा. मास्तरांनी तो गतिरोधकाला टेकवला, देवाचं नाव घेतलं आणि गाडी चढवली. फळा 'वेग आवरा' आणि 'पुढे धोका' यांच्या बरोबर मधून मोडला. तेव्हापासून शाळेतले विद्यार्थी चिन्हं शिकताना दोन तुकडे जुळवून धरतात.

शेवटी मास्तरांनी अभिमान गिळला आणि जर्मन गाडी घेऊन ते नगरपालिकेत गेले. इंजिनिअरनं त्यांना पाहिलं आणि तो उठून उभाच राहिला.

"या मास्तर! तुमची आठवण रोज निघते. तुमचा गतिरोधक म्हणजे आमच्यासाठी आदर्श. सगळ्या नव्या गतिरोधकांना आता तेच माप लावणार आहोत आम्ही. सुरुवात तुमच्या शाळेच्या रस्त्यापासून!"

मास्तरांनी घाईघाईनं खुर्ची पुढे ओढली. "साहेब, तो... तो जरा कमी नाही का करता येणार?"

"तुम्ही म्हणताय हे?"

"वय झालं. विचार बदलतात माणसाचे."

इंजिनिअरनं डोकं खाजवलं. "करता येईल. पण ज्यांच्या फाटकासमोर आहे त्यांची संमती हवी. डॉक्टरांना घेऊन या. त्यांचा तर पहिल्यापासून विरोध होता, ते आनंदानं हो म्हणतील."

मास्तर हरखले. एवढं सोपं होतं तर! डॉक्टरांसमोर नाक घासावं लागेल, पण गाडीचं पोट घासण्यापेक्षा ते बरं. परत येताना त्यांच्या मनात भाषण तयार होत होतं. 'डॉक्टर, तुमचंच खरं होतं.' गल्लीत वळले तरी भाषणच चालू होतं, आणि त्या नादात गाडी तिरकी न घेता सरळच डोंगरावर चढली. ऐन माथ्यावर त्यांच्या लक्षात आलं. मग उभ्या आयुष्याची सवय पायांत उतरली. शिकाऊ चुकला की मास्तर दोन्ही पायांनी हाणायचे, तसे त्यांनी दोन्ही पाय खाली हाणले. एक डावा, एक उजवा, आणि दोन्हीही ब्रेकवर.

गाडी खाडकन थांबली. मास्तरांचा खालचा जबडा वरच्यावर आपटला आणि दाढेचा तुकडा जिभेवर आला.

डॉक्टर धावतच बाहेर आले. त्यांनी मास्तरांना धरून आत नेलं, खुर्चीत आडवं केलं, इंजेक्शन दिलं आणि तोंडात दिवा सोडला.

"आ करा. अरे वा! उजवी खालची दाढ. सगळ्यांची तीच जाते."

"अग्यांगी?" मास्तरांनी उघड्या तोंडानं विचारलं.

"सगळ्यांची. मास्तर, तुमच्यापासून काय लपवायचं? गतिरोधक झाला तेव्हा मी किती बोललो तुम्हाला! पण त्यानंतर दवाखाना असा चाललाय म्हणता! स्कूटरवाला आदळला की कवळी सैल, सायकलवाला आदळला की दाताचं सिमेंट बाहेर. आणि सगळे माझ्याच फाटकासमोर! जाहिरात करायची गरज नाही. ही नवी खुर्ची त्याचीच कृपा. बसायला कशी आहे?"

मास्तरांचे डोळे विस्फारले. त्यांनी उठायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी त्यांना हलकेच परत दाबलं.

"इंजिनिअरसाहेबांचा फोन आला होता, तुम्ही संमती मागायला येताय म्हणून. मास्तर, तो गतिरोधक राहू द्यायचा ना?"

"आँ! आँ आँ!" मास्तर जिवाच्या आकांतानं ओरडले.

"मला वाटलंच होतं," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "जरा झिजलाय मात्र. अजून एक थर टाकून घेऊ." आणि त्यांनी मास्तरांच्या तोंडात कापसाचा मोठा बोळा कोंबला. "हा तासभर काढायचा नाही. बोलायचं नाही. आणि चक्कर येईल, आज गाडी चालवायची नाही."

तोवर बायको शाळेतून आली होती. गल्लीच्या मधोमध डोंगरावर विराजमान झालेली गाडी, आणि बाजूला गाल सुजलेला नवरा. तिनं एकदा याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं.

"चावी द्या."

मास्तरांनी जोरजोरानं मान हलवली. बायकोनं त्यांच्या खिशातून चावी काढली, त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं, स्वतः स्टिअरिंगवर बसली आणि गाडी अलगद मागे घेतली. गाडी डोंगरावरून सुटली, मागे मागे जात मोठ्या रस्त्यावर आली. तिथे बायकोनं घराच्या दिशेला एकदा पाहिलं, मग मोकळ्या रस्त्याकडे पाहिलं.

"इथवर आलोच आहोत तर," ती म्हणाली आणि तिनं चारही काचा खाली केल्या.

पुढे काय झालं ते मास्तरांना तुटक तुटक आठवतं. झाडं आठवतात, ती एकमेकांना चिकटली होती. ज्या जागेवर आयुष्य गेलं त्याच जागेवर ते बसले होते, पण पायाखाली ब्रेक नव्हता. उजवा पाय तरीही चटई दाबत होता. 'सावकाश' हा शब्द पोटातून निघून घशापर्यंत यायचा आणि कापसाला अडकून परत जायचा.

"घाबरू नका हो!" बायको वाऱ्यावर ओरडली. "तुम्हीच तर शिकवलंय मला, लग्नानंतर! एक शब्द सोडून सगळं लक्षात ठेवलंय!"

मास्तरांनी मोठ्या धाडसानं मान वळवली. तिचे केस सुटले होते. कपाळावर, तोंडावर, डोळ्यांवर, जिथे जागा मिळेल तिथे उडत होते, आणि ती शर्यत जिंकलेल्या पोरीसारखी हसत होती. मास्तरांना भीती वाटत होती, अर्धं तोंड बधिर होतं, आणि या सगळ्यात त्यांना इतकं बरं वाटत होतं की डोळ्यांत पाणी आलं. ते वाऱ्यामुळे आलं असं त्यांनी नंतर सांगितलं.

परत येताना गल्लीत वळल्यावर बायकोनं गाडी डोंगराच्या पायथ्याशी थांबवली.

"उतरा."

"हं?"

"उतरा, वजन कमी होऊ दे. ही माझी पर्स धरा. आणि बोलता येत नाही तर ही शिट्टी घ्या."

मास्तर उतरले. खांद्यावर पर्स, हातात शिट्टी, अशा थाटात ते डोंगर चढून पलीकडे जाऊन उभे राहिले. डॉक्टरांनी फाटक उघडलं. खिडकीत गाल धरून दोन पेशंट आले. गाडीनं नाक तिरकं केलं. मास्तरांनी तोंडातला बोळा काढला.

"अहो, तासभर नाही झाला!" डॉक्टर ओरडले.

आता मास्तर काय म्हणणार हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांनाही ठाऊक होतं. शब्द ओठांवर आलाच होता. पण त्यांनी काचेआड बायकोचे पिंजारलेले केस पाहिले, आणि तो शब्द गिळून शिट्टी तोंडात घातली. बधिर ओठांतून सूर कमी आणि थुंकीच जास्त आली. बायकोला तेवढं पुरलं. गाडी एकेक चाक चढवत, कुठेही न घासता, डोंगरापलीकडे उतरली आणि मास्तरांना मागे ठेवून घराकडे निघून गेली.

"चालत जाताय?" डॉक्टरांनी फाटक लावता लावता विचारलं.

"हो," मास्तर बोबडं बोलत पळायला लागले. "घाई आहे."