मावशीसाहेबांची आगपेटीएवढ्या बोर्डावरील स्वारी

कारण लिहिणे ऐसे जे, मोठमोठ्या राज्यांच्या लढाया लिहिणारे पुष्कळ जाहले, त्यांस कागदाचा आणि शाईचा तोटा कधी पडला नाही. परंतु तिसऱ्या मजल्यावरील एका बिऱ्हाडात, जेवणाच्या टेबलावर, चहाचे कप एका बाजूस सारोन जे युद्ध जाहले, त्याची दाद कोणी घेतली नाही. त्यात तोफ डागली नाही, घोडे पडले नाहीत. पडला तो एक कप, तोही कान तुटका होता. तथापि शर्थ जाहली ती खरीच, म्हणोन येथे सविस्तर लिहिले आहे.

त्या बिऱ्हाडावर दोघी बहिणींचा अंमल होता. थोरल्या राजश्री ताईसाहेब, पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजात सुपरवायझरीच्या हुद्द्यावर. ओळीने बसलेल्या ऑपरेटर मुलींच्या खुर्च्यांमागून त्यांची स्वारी फिरू लागली म्हणजे जांभई देणारीचे तोंड अर्ध्यातच मिटे. धाकट्या मावशीसाहेब, त्याच एक्स्चेंजात स्विचबोर्डावर. गिऱ्हाइकाच्या नुसत्या श्वासावरोन तो भांडणार की रडणार हे ओळखीत. ते एक्स्चेंज मोडले, स्विचबोर्डाच्या जोडदोऱ्या भंगारात गेल्या, आणि दोघी एकाच छपराखाली येवोन राहिल्या, आणि तंटेबखेड्यांसुद्धा सुखाने नांदत होत्या.

परंतु ताईसाहेबांचे कान फितूर जाहले. कानातले यंत्र होते, पण ते शिटी घाली, म्हणोन दुपारी ते काढोन डबीत ठेवण्याचा रिवाज पडला. एके दुपारी मावशीसाहेब वाचनालयात गेलेल्या, आणि ताईसाहेबांचे चिरंजीव, जे पेशाने दातांचे डॉक्टर आणि स्वभावाने घाबरट, ते आईस भेटावयास आले. त्यांनी बेल दाबली, मग दार ठोठावले, मग फोन केला, मग शेजारी जमा केले, आणि अखेर किल्लीवाल्यास आणोन कुलूप फोडविले. आत पाहतात तो मातोश्री गॅलरीत पाठमोऱ्या बसोन निवांत मटार सोलीत आहेत.

“अरे, कधी आलास?” ताईसाहेब वळोन म्हणाल्या. “आणि दाराला काय झालं?”

डॉक्टरसाहेब तेथेच जमिनीवर बसले, आणि त्यांस पाणी पाजावे लागले. मग हुकूम सुटला तो ऐसा की, येत्या रविवारी संध्याकाळी आईस आपल्या घरी न्यावे, याउपरी एकटी ठेवू नये. त्यांच्या घरी जादा खोली एकच, आणि ती खोली एका माणसाची. मावशीसाहेबांचा उल्लेख हुकुमात नव्हता. ताईसाहेबांनी तक्रार केली नाही. बॅग भरोन दाराशी ठेवली, आणि मावशीसाहेबांस तेच जास्त लागले. भांडल्या असत्या तर बरे होते.

तेव्हा मावशीसाहेबांनी भाच्याशी वाटाघाट केली, आणि करार ठरला की, रविवारच्या संध्याकाळी ताईंनी आपले आपण दार उघडोन दाखविले तर हुकूम तहकूब. बाजारचा तयार दिवा मागवोन जाहला होता. बेल वाजताच तो लाल भडक ऐसा लुकलुके की घरास आग लागली वाटे. ताईसाहेबांनी त्याजवर टोपली पालथी घातली, आणि तो विषय संपला.

“तिला कसला दिवा लागतो मला ठाऊक आहे,” मावशीसाहेब बोलल्या. “तो मी करीन.”

स्विचबोर्डावर कोणी फोन उचलला म्हणजे एक बारीक पिवळा दिवा लागे. लुकलुकत नसे, ओरडत नसे, नुसता लागोन राही, आणि त्याजकडे दुर्लक्ष करणे त्या बायकांच्या हाडांत नव्हते. तैसा दिवा स्वयंपाकघरात, गॅलरीत आणि पलंगाशी लावावा, आणि बेल दाबताच तिन्ही लागावे, ही मसलत. वायरी ओढल्या, दिवे टांगले, जोडांस कथलाचा डाक दिला. तेथवर मोहीम सुरळीत चालली. राहिला तो मधला किल्ला: आगपेटीएवढा एक बोर्ड, हौशी लोक घेतात तो. बेल आली तर दिवे लावावे, हा कायदा कॉम्प्युटरवर लिहोन त्या बोर्डात चढवावयाचा होता. फर्मवेअर म्हणतात तो हाच. कायदा लिहिणे सोपे गेले. चढविणे म्हणजे काय प्रकरण आहे, ते रविवारी दुपारी कळो आले.

पहिल्या हल्ल्यात कॉम्प्युटराने ऐसा कोणी बोर्ड आपले दारी आलाच नाही म्हणोन साफ सांगितले. बोर्डावरील बारका दिवा तर जळत होता. मावशीसाहेबांनी केबल उलटी केली, सुलटी केली, फुंकर घातली, आणि मग ध्यानी आले की ही केबल मोबाइल चार्ज करण्याची. ती बोर्डास जेवू घालते, पण निरोप पोचवीत नाही. मग ताईसाहेबांच्या खणातोन, जेथे प्रत्येक वायर गुंडाळोन रबराने बांधलेली असे, जुन्या कॅमेऱ्याची केबल काढिली, आणि ती लावताच बोर्ड हजर जाहला.

येथे मावशीसाहेबांस आनंद फार जाहला. त्यांनी दुसरा एक प्रोग्राम उघडला, ज्यात बोर्ड काय बोलतो ते अक्षरांनी उमटते, आणि पाहतात तो बोर्ड खरोखरीच बोलत होता. कारखान्यात शिकवोन पाठविलेली एकच ओळ, मी तयार आहे, मी तयार आहे, ऐसी पुनःपुन्हा. कितीएक वर्षांनी ओळीच्या पलीकडोन कोणी बोलले. मावशीसाहेबांनी ती खिडकी कोपऱ्यात सारोन ठेविली, आणि मग फर्मवेअर चढविण्याचा हुकूम दिला.

उत्तर आले की, दरवाजा दुसऱ्याचे ताब्यात आहे, पोर्ट बिझी.

पुन्हा हुकूम दिला. पोर्ट बिझी. बोर्डावर एक गुप्त बटन असते, ते दाबोन धरावे आणि मग चढवावे, ऐसे वाचनात आले होते. म्हणोन एका बोटाने बटन दाबले, दुसऱ्याने माउस, आणि कोपराने कप पाडला. पोर्ट बिझी. चहा कायदा धरोन बसलेल्या कॉम्प्युटराच्या दिशेने वाहू लागला, तो वर्तमानपत्राने अडविला.

तेव्हा निरुपायाने भाच्यास फोन केला.

“मावशी, बंद करून चालू करून बघ ना.”

“काय बंद करू? फोन?”

“कॉम्प्युटर गं. आणि हे बघ, नाही झालं तर नाही झालं. मी सहाला निघतोय. आईची औषधं बॅगेत टाकलीस का?”

“तू ये तर खरा,” मावशीसाहेब म्हणाल्या आणि फोन ठेविला. औषधे टाकली नव्हती, टाकणारही नव्हत्या.

मग कॉम्प्युटर बंद करोन चालू केला. आणि चालू होताच मावशीसाहेबांनी काय केले? तर आधी ऐकण्याची खिडकी उघडली, बोर्ड जिवंत आहे ना म्हणोन खात्री केली, मी तयार आहे हे वाचोन समाधान पावल्या, खिडकी कोपऱ्यात सारली, आणि मग हुकूम दिला. पोर्ट बिझी. अवघा जन्म हजारोंना ‘लाइन बिझी आहे’ म्हणोन सांगण्यात गेला, आणि आज स्वतःस तेच ऐकावे लागले. मावशीसाहेबांनी चष्मा काढला आणि टेबलावर कपाळ टेकविले. दाराशी बॅग उभी होती. तिच्यावर ताईसाहेबांची छत्री आडवी ठेविली होती, जणू माणूस निघालेच.

इतक्यात मागे पावले वाजली. ताईसाहेबांची स्वारी खुर्चीमागोन फिरत आली, हात पाठीशी बांधलेले, आणि पडद्याकडे पाहोन थांबली. ती चाल ऐकताच मावशीसाहेबांची पाठ आपोआप ताठ जाहली.

“ही खिडकी कसली?” ताईसाहेबांनी कोपऱ्याकडे बोट केले.

“बोर्ड बोलतो, ते ऐकायची!”

“ओरडू नकोस. तोंड दिसेल असं बोल.”

मावशीसाहेब वळल्या आणि ओठ सावकाश हलवोन म्हणाल्या, “त्याचं बोलणं. ऐकतेय.”

“ऐकतेयस,” ताईसाहेब म्हणाल्या. “अजून?”

मावशीसाहेबांनी खिडकी आणखी कोपऱ्यात सारली.

“चिमे, एक्स्चेंजात रोज तुला हेच सांगत होते. जोडून दिलंस की कान काढ मधून. तू आपली बसायचीस ऐकत. त्या भांडणाऱ्या नवरा-बायकोचं काय झालं ते तुला सहा महिने माहीत होतं. आणि लोक बाहेर तिष्ठत. काढ.”

“पण तो नीट आहे ना हे—”

“तो तयार आहे म्हणून किती वेळा सांगणार बिचारा? काढ म्हणते ना.”

मावशीसाहेबांनी खिडकी मिटली. जड हाताने मिटली, जैसा कोणी सासरी निघालेल्या मुलीचा हात सोडावा. दरवाजा दुसऱ्याचे ताब्यात होता, तो दुसरा म्हणजे खिडकी उघडोन ऐकत बसलेल्या आपणच, हे तेव्हा उमगले, आणि कान लाल जाहले. मग हुकूम दिला. पडद्यावर एक पट्टी उमटली, ती सरकू लागली, मध्येच थबकली, दोघींचे श्वास थबकले, पट्टी पुढे निघाली, शेवटास टेकली. आणि बोर्डावरील बारका दिवा दोनदा लुकलुकला. चढले.

“झालं?” ताईसाहेब.

मावशीसाहेबांनी मान हलविली. 

“मग तिथे बसून काय बघतेस? फरशी पूस. चहा पडलाय.” ऐसे बोलोन ताईसाहेब गॅलरीत जावोन पाठमोऱ्या बसल्या.

सहा वाजोन गेल्यावर डॉक्टरसाहेब जिना चढोन आले. मावशीसाहेबांनी त्यांस दाराबाहेरच गाठले, आपणही बाहेर आल्या आणि दार ओढोन घेतले; करार तो करार. कुलूप नवे होते. डॉक्टरसाहेबांचे बोट बेलेपाशी गेले आणि थांबले. मागील खेपेची ती दुपार त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

“मावशी, समजा नाही उघडलं तर?”

“दाब.”

डॉक्टरसाहेबांनी दाबली. आत बेल वाजली, मग काही नाही. मावशीसाहेब दारास कान लावू गेल्या, आणि आठवण होवोन मागे सरल्या, आणि दोन्ही हात पदराखाली घट्ट धरले. डॉक्टरसाहेबांनी बोट दुसऱ्यांदा उचलले. तितक्यात आतोन सपाता ओढीत पावले आली, नवे कुलूप फिरले, आणि दारात ताईसाहेब उभ्या, कानात यंत्र नाही, मानेचा बाक कोठल्या कोठे गेलेला, आणि जो आवाज मावशीसाहेबांनी एक्स्चेंज मोडल्यापासोन ऐकिला नव्हता, त्या आवाजात बोलल्या:

“नंबर प्लीज?”

डॉक्टरसाहेब हसू लागले, आणि हसता हसता चष्मा पुसू लागले. ताईसाहेबांनी त्यांच्या हाती दाराशी ठेविलेली बॅग दिली, आणि हुकूम केला की ही आत नेवोन कपाटावर ठेव, माझा हात पोचत नाही.

येणेप्रमाणे बोर्ड काबीज जाहला, दिवे तिन्ही लागले, बॅग कपाटावर चढली, आणि दौलत पूर्ववत दोघींच्या अंमलात राहिली. डॉक्टरसाहेबांनी हुकूम तहकूब केल्याचे जेवताना तोंडी जाहीर केले. मावशीसाहेबांची ऐकण्याची खिडकी ताईसाहेबांच्या आज्ञेने कायमची मिटविण्यात आली. बोर्ड आत काय बोलतो ते आता कोणास ठाऊक नाही. मात्र दुपारी वाचनालयातोन परतल्यावर मावशीसाहेबांपाशी किल्ली असते, तरी त्या बेल दाबतात, आणि उघडेपर्यंत बाहेर उभ्या राहतात.