कंपौंडरसाहेबांचं आडनाव

निजामाच्या अमदानीत नळदुर्गच्या दवाखान्यात औषध हवं असेल, तर आधी आडनावाची झडती द्यावी लागे. डॉक्टर नाडी बघत. कंपौंडर एलोजी चेऊलकर मूळ गाव बघत.

"आडनाव?"

"लोहारेकर," पोट धरून आलेला माणूस म्हणे.

"लोहाऱ्यात घर कुठं हाय तुमचं?"

"आता न्हाय जी. आज्याच्या आधीच सुटलं म्हणं."

"आन् कुठं व्हतं, तेबी ठाव न्हाय? मग पोट दुखंल न्हाय तर काय." एवढं सुनावून मगच बाटली हलवायची.

एलोजी बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत. ज्या गावात वस्ती, त्याला 'कर' जोडून आडनाव: पेणकर, रोहेकर, चेऊलकर. "नाव कुणीबी ठेवतं मास्तर, आडनाव गाव ठेवतं," हे त्यांचं मला ऐकवायचं पालुपद. गंमत म्हणजे चेऊल त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. वडील निजामाच्या चाकरीत आले, ते इथलेच झाले.

सरकारी सुट्टी शुक्रवारची. एलोजी त्या दिवशी एकटे दवाखाना सांभाळत आणि धर्माप्रमाणे शनिवारी घरी बसत. गावानं अर्थ लावला, कंपौंडरसाहेबांना साडेसाती आहे. कुणीकुणी त्यांच्या उंबऱ्यावर शनीचं तेल ठेवून जाई. ते मुकाट्यानं घरच्या दिव्यात घालत.

मी शाळामास्तर. अक्षर बरं, म्हणून गावचे सगळे अर्ज आणि मानपत्रं माझ्याच गळ्यात. एलोजींना पेन्शन झाली तेव्हा त्यांचंही मानपत्र मीच लिहायला घेतलं. ते सकाळीच घरी आले.

"मास्तर, त्यात चेऊलकर नको. नळदुर्गकर लिहा."

मी हसलो. "आडनाव म्हणजे काय टोपी आहे, कंपौंडरसाहेब?"

"बायकोची कबर हितं हाय. चेऊलात माझं कोण हाय? तुमी लिवलं तर गावबी म्हणंल."

"नळदुर्गात राहणाऱ्याला नळदुर्गकर कोण म्हणतं?" मी व्याकरण शिकवलं आणि वळणदार अक्षरात 'चेऊलकर' लिहून टाकलं. एका शब्दानं माझं काय जाणार होतं, हे आज कळतं आणि लाज वाटते. समारंभात मी मानपत्र वाचलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. लोकांना वाटलं, गहिवरले. मूलबाळ नव्हतं, महिन्याभरात पुतण्याकडं मुंबईला गेले.

दोनेक वर्षांनी कामानिमित्त मुंबईला गेलो, तेव्हा पत्ता शोधत त्यांची चाळ गाठली. जिन्यात एक बाई भेटल्या.

"एलोजी चेऊलकर कुठं राहतात?"

"चेऊलकरांची इथं तीन बिऱ्हाडं आहेत. कुठले?"

"नळदुर्गहून आलेले."

"मग नळदुर्गकर म्हणा की. वर, उजवीकडं."

एलोजी खाटेवर बसले होते. फार वाळले होते. मी चप्पल काढता काढताच म्हणालो, "मिळालं की हो आडनाव."

त्यांनी खाटेवर मला जागा करून दिली.

"हितं समदे म्हणत्यात, मास्तर," ते म्हणाले. "तिथं तुमी एकदा म्हणायचं व्हतं."