केरूचं गाऱ्हाणं

शिवाच्या तोंडाला विडीचा वास येतो, हा शोध त्याच्या आईला, यमुनाबाईंना, लागला तो अगदी भलत्या वेळी. शिवाला जावई म्हणून पाहायला मैनेचा बाप रामा परवा राजापूरकडून यायचा होता. रामाची आणि शिवाचा बाप केरू याची जुनी ओळख. तरुणपणी दोघांनी घाटात बैलगाड्या हाकलेल्या. मैनेसारखी कामसू, हसरी पोरगी आपल्या घरात यावी म्हणून केरूचा जीव टांगणीला लागला होता. रामाची अट एकच होती. जमीन थोडी असली तरी चालेल, पोरगा निर्व्यसनी पाहिजे.

"विडी?" केरू ओटीवर मटकन बसला. "आपल्या शिवाला? कोणी लावली?"

"आणि कोण लावणार?" यमुनाबाईंनी पडवीकडं बोट दाखवलं.

पडवीत केरूचा धाकटा भाऊ लवू घोरत होता. तो मुंबईला गिरणीत कामाला होता आणि नुकताच बोटीनं रजेवर आला होता. पोरांना जे काही वाईट शिकायचं ते त्या बोटीतूनच येतं, अशी गावातल्या जाणत्यांची पक्की समजूत होती.

केरूनं शिवाला समोर उभं केलं.

"ओढतंस?"

शिवानं मान हलवली.

"नाय म्हणतंस तर तोंड उघड."

शिवानं ओठ घट्ट मिटून घेतले, म्हणजे उत्तर मिळालंच. पोरगा अंगानं बापाच्या बरोबरीचा झालेला, त्यामुळं हात उगारण्याची सोय नव्हती. शेवटी यमुनाबाई म्हणाल्या, "पावणाईला गारानां घाला. ती देईल बुद्धी."

गाऱ्हाण्याची रीत सगळ्यांना ठाऊक. ग्रामदेवी पावणाईपुढं नारळ ठेवायचा, गुरवानं डोळे मिटून अडचण मोठ्यानं सांगायची, आणि जमलेल्या मंडळींनी प्रत्येक बोलाला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सुरू झालेलं गाऱ्हाणं मध्येच तोडायचं नाही, आणि तिथं खोटं तर मुळीच बोलायचं नाही. केरूला अर्थातच हे गुपचूप उरकायचं होतं.

"सकाळीच घालूया," तो दादू गुरवाला म्हणाला. "तू, मी नि घरातली माणसां."

"घरातल्या माणसांच्या व्हय म्हाराजानं देवी जागी तरी व्हईल काय?" दादू म्हणाला. "वाडीला सांगतंय मी."

प्रसाद मिळणार म्हटल्यावर वाडी देवळात लोटली. शिवा आणि लवू यांना पुढं बसवण्यात आलं. दादूनं डोळे मिटले आणि आवाज लावला.

"बा पावणाई, ह्यो तुजा लेकरू केरू आज नारळ घेऊन तुज्या पायाशी आलाय."

"व्हय म्हाराजा."

किती माणसं जमली हे बघायला केरूनं मान वळवली आणि झटकन पुन्हा पुढं केली. मागच्या खांबाजवळ, छत्री काखेत मारून, हात जोडून रामा उभा होता. त्याला राजापूरहून आयती गाडी मिळाली म्हणून तो एक दिवस आधीच आला होता, आणि परगावात पाऊल ठेवलं की आधी तिथल्या देवीच्या पाया पडायचं, हा त्याचा शिरस्ता होता.

केरूनं दादूला खूण केली. दादूचे डोळे मिटलेले. केरूनं त्याच्या धोतराचा सोगा ओढला. दादूनं तो सोडवून घेतला आणि आवाज आणखी चढवला.

"तेच्या पोराला, शिवाला, विडीचा नाद लागलाय."

"व्हय म्हाराजा."

जमलेल्यांत रामाचाही आवाज होता. सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं आणि मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. आता सगळं संपलं, असं केरूला वाटलं.

"तां व्यसन तेला तेच्या काकानं लावलां, लवूनं. तेलाही बुद्धी दे."

"व्हय म्ह..."

"नाय म्हाराजा," लवू म्हणाला.

गाऱ्हाण्याला कोणी नाही म्हटलेलं वाडीनं कधी ऐकलं नव्हतं. दादूनं एक डोळा उघडला.

"मी पोराला विडी दिली तां खरां," लवू म्हणाला. "पण मी काय मुंबईत नाय शिकलो. आंब्याच्या राखणीला बसलो असताना मला केरूदादानंच दिली. देवीपुढं सांगतंय."

सगळ्यांनी केरूकडं पाहिलं. केरूनं देवीकडं पाहिलं. तिथून काही मदत होण्याची चिन्हं नव्हती.

"लवूला केरूनं लावली," दादूनं डोळे मिटून दुरुस्ती केली.

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली. या वेळी आवाज चांगलाच खणखणीत आला.

"आणि केरूला कोणी?" दादूनं पुढं विचारलं.

खरं सांगावं तर सोयरीक जाते, खोटं सांगावं तर समोर पावणाई. केरू नुसता नारळाकडं बघत राहिला. वाडी वाट बघत होती. दादूही डोळे मिटून वाट बघत होता.

"माजां नाव घ्या, गुरवानू," मागून आवाज आला.

रामा पुढं आला. "घाटात थंडी मरणाची होती. ह्यो कुडकुडत बसलेला. मीच तेला पहिली विडी पेटवून दिली. नको म्हणत होता, तरी दिली."

"व्हय म्हाराजा," केरू पुटपुटला. त्याला भरूनच आलं.

"आणि पाव्हणं, तुमाला कोणी लावली?" दादूनं विचारलं. एकदा हाती घेतलेलं काम तो अर्धवट सोडत नसे.

रामानं डोकं खाजवलं. "माज्या सासऱ्यानं. मी पोरगी बघायला गेलो, तवा."

यावर मात्र वाडीला "व्हय म्हाराजा" म्हणायचं सुचलं नाही. सगळे खो खो हसत सुटले, शिवाही हसला. दादूनं मग सगळ्यांना मिळून एकच बुद्धी मागितली आणि नारळ वाढवला. शिवानं सगळ्यांसमक्ष विडी सोडायचं कबूल केलं. लवूनंही केलं, पण जरा हळू आवाजात.

प्रसाद खाता खाता रामा म्हणाला, "केरू, सोयरीक पक्की समज. निर्व्यसनी जावई बघत मी गावोगाव फिरलो, आणि मूळ तर माज्याच खिशात."

केरूच्या डोळ्यांत पाणी आलं. पण यमुनाबाई मुलाची आई होत्या, त्यांनाही काही मान होता. पदर सावरून त्या पुढं झाल्या.

"आमची पण एक अट हाय, भावजी. पोरगी दाताला तंबाकूची मिश्री लावत नाय ना?"

रामानं देवीकडं पाहिलं, मग दादूकडं पाहिलं.

"गारानां संपलां ना, गुरवानू?"

"संपलां," दादू म्हणाला.

"मग नाय लावत," रामा म्हणाला.