अकरा आकड्यांचा थांबा

गेल्या वर्षी ऑफिसच्या स्नेहसंमेलनात हेडक्लार्कसाहेबांचं गाणं ऐन रंगात असताना कुणीतरी माइक बंद केला. (कुणी, ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्याची रजा त्यांनी तीनदा अडवली.) तेव्हाच त्यांनी ठरवलं, एकदा तरी चारचौघांत गाणं शेवटपर्यंत म्हणून दाखवायचं. मग जग इकडचं तिकडे होवो!

"अहो, यंदा नुसतं जेवून येऊ या ना," बायको म्हणाली.

"जेवायला काय, घरीही मिळतं. यंदा गाणार म्हणजे गाणार!"

कारकुनी हाडात मुरलेली. एका पॉप गायिकेचा व्हिडिओ त्यांनी चाळीस वेळा पाहिला आणि रीतसर फाइल उघडली. रकाने आखले: श्वास कुठे घेते, आवाज कुठे कापरा करते, मान कुठे झटकते. महिनाभराने शोध लागला. सगळ्यात वरच्या सुराआधी बाई डोळे मिटते आणि चार आकडे मोजून होईपर्यंत गप्प उभी राहते. मग सूर सुटतो आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट!

"म्हणजे तिची नक्कल करणार तुम्ही?"

"नक्कल? छे! ती चार थांबते, मी अकरा थांबणार. याला म्हणतात स्वतःची शैली."

सराव बाथरूममध्ये चाले (आवाज घुमतो, शिवाय कडी आतून असते). त्या रविवारी सासरेबुवा मुक्कामाला होते. निवृत्त सुतार, घरातली सगळी दारं त्यांनीच करून दिलेली. बाथरूममधून आरडाओरडा ऐकू येत होता तोवर बापलेक निर्धास्त होते. तो अचानक थांबला आणि बायको दाराकडे धावली.

"अहो! बरे आहात ना?"

हेडक्लार्क सहाव्या आकड्यावर होते. ओ दिली असती तर पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं असतं. मेलो तरी बोलणार नाही, असं ठरवून ते उभे राहिले.

"बाबा, हे बोलत नाहीत हो!"

"सर बाजूला. मीच बसवलंय, मीच काढतो."

दहाव्या आकड्याला दार चौकटीसकट आत आलं. समोर जावई: कमरेला टॉवेल, एक हात वर, डोळे मिटलेले.

"जावईबापू, जिवंत आहात की!"

"एकच आकडा राहिला होता हो!" हेडक्लार्क कळवळले.

बायको आधी रडली, मग कडाडली. "नुसतं हूं म्हणायला काय झालं होतं? जीव गेला ना माझा!"

"हूं म्हटलं तर तो थांबा कसला?"

पुढचे दोन आठवडे दाराच्या जागी चादर लटकली. हेडक्लार्कांनी चादरीआड सराव चालू ठेवला. आता माघार? नाव नको! ते गप्प झाले की बायको मात्र दर वेळी चादर बाजूला करून बघून जाई.

अखेर स्नेहसंमेलनाचा दिवस उजाडला. "माइकला हात लावलास तर याद राख," असा संबंधितांना दम देऊन ते गायला उभे राहिले. आणि खरं सांगायचं तर, बरे गायले. बायकोनं चक्क मान डोलावली. मग तो सूर जवळ आला. डोळे मिटले, हात वर गेला. एक, दोन, तीन...

सातव्या आकड्याला कुणीतरी टाळी वाजवली. लगेच दुसऱ्यानं, मग अख्ख्या सभागृहानं. माइक कुणी बंद केला नाही. पडदेवाल्यानं पडदा पाडला. अकराला हेडक्लार्कांनी तोंड उघडलं, तेव्हा समोर नुसतं मखमली कापड होतं.

गाण्याच्या स्पर्धेच्या परीक्षकबाई भारावल्या होत्या. "कुठं थांबावं हे कळणारा गायक विरळा," म्हणाल्या आणि पहिलं बक्षीस देऊन मोकळ्या झाल्या.

"खड्ड्यात गेलं बक्षीस!" घरी येताच हेडक्लार्क गरजले. "माझं गाणं राहिलंय! आज मी ते पुरं करणार, कोण अडवतं बघू!"

सासरेबुवांनी कालच नवं दार बसवलं होतं. हेडक्लार्कांनी कडी घातली आणि गाणं पहिल्यापासून धरलं. वरचा सूर आला. डोळे मिटले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात...

बाहेरून टाळ्यांचा कडकडाट झाला. बायको, सासरेबुवा, आणि वरच्या मजल्यावरचं अख्खं कुटुंब, झरोक्यातून.

"वा! फारच छान झालं हो!" बायको म्हणाली, आणि बाहेरचं बटण दाबून तिनं बाथरूमचा दिवा घालवला.