एका पत्त्यावर दोघं

माझा जुना कॉम्प्युटर इंटरनेटला जोडायचा, हा निर्णय मी एका शनिवारी दाढी करताना घेतला. (माझे सगळे चुकीचे निर्णय दाढी करतानाच होतात, असं बायकोचं निरीक्षण आहे.)

हा कॉम्प्युटर म्हणजे नुसता कीबोर्ड. सगळं यंत्र त्याच्याच पोटात, पडदा म्हणून टीव्ही लावायचा. मी कॉलेजात असताना वडिलांनी घेऊन दिलेला. त्याच्या स्मरणशक्तीत आजचा एक फोटोही मावत नाही. पण काही हौशी मंडळी अजून असल्या यंत्रांसाठी नेटवर्कचं सॉफ्टवेअर लिहितात आणि त्यावर चक्क ईमेल येतं-जातं, असं मी ऑफिसात वाचलं. ऑफिसात मला वाचायला भरपूर वेळ असतो. चोवीस वर्षं मी आवक-जावक सांभाळली. आता टपालच येत नाही, म्हणून साहेबांनी मला दारालगत खुर्ची दिली आहे. येणारेजाणारे मला बाथरूम कुठे ते विचारतात. तेव्हा जुनं म्हणजे टाकाऊ नव्हे, हे मला कुणाला तरी दाखवून द्यायचं होतं.

मागवलेली जोडणीची डबी खोचली, सॉफ्टवेअर चढवलं. टीव्हीवर पहिलाच प्रश्न आला: या यंत्राचा पत्ता काय? पत्ता म्हणजे चार आकडे. मला कुठून माहीत असणार? सकाळी बायकोच्या लॅपटॉपवर बघितलं, तर तिचा पत्ता मस्त चालत होता. चालता पत्ता सोडून नवा कशाला शोधा, म्हणून मी तोच उतरवून घेतला होता. तो टाकला.

एकाच नंबरची दोन घरं असली की पोस्टमन काय करतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असावं? काही इकडे टाकतो, काही तिकडे, आणि शेवटी वैतागून सगळं परत पाठवतो.

बायको तेव्हा आतल्या खोलीत लॅपटॉपवर मुलाखत देत होती. अकरा वर्षं ती शाळेत तात्पुरती म्हणून गणित शिकवतेय. कायम व्हायची ही पहिली संधी. मुलाखत आहे हे मला माहीत होतं. ती आज आहे, हे तेवढं डोक्यातून गेलं होतं.

"अहो, नेट गेलं का?"

"नाही, आत्ताच आलं."

"त्यांना माझा आवाज जात नाहीये."

"मोठ्याने बोल."

ती मोठ्याने बोलली. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असेल, समितीला तेवढं गेलं नाही.

"तुम्ही काही केलंत का?"

"मी कशाला काय करू?" (मी तेव्हा तिसऱ्यांदा यंत्र बंद-चालू करत होतो.)

मग ती बाहेर आली. टीव्हीवरचे आकडे तिने एकदाच वाचले. गणिताची बाई.

"हा माझ्या लॅपटॉपचा नंबर आहे."

"हो, पण तुझाही चालू आहेच की."

"होता. त्यांनी आभार मानले आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं."

ती स्वयंपाकघरात जाऊन आली, लॅपटॉप पिशवीत टाकला, चपला घातल्या. "धाकट्या बहिणीकडे जातेय. फोन करू नका, मी बोलणार नाही."

मी आकडा बदलला आणि तिला पत्र लिहायला बसलो. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, कारण यंत्राला तेवढीच येतात. माफी मागितली. मग थोडं खरंही लिहिलं: तू कायम होशील आणि मी दाराशी बसलेला असेन, हे मला बघवलं नसतं की काय, माझं मलाच कळत नाही. चोवीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं पाठवली. स्वतःचं पाठवताना पत्ता तीनदा तपासला.

दहा मिनिटांत उत्तर आलं. दोन ओळी, नुसती प्रश्नचिन्हं. तिने मराठीत लिहिलं होतं आणि यंत्राने प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं होतं. (मोबाइलवर उघडून बघता आलं असतं, हे आत्ता सुचतंय.) मी बराच वेळ त्या दोन ओळींसमोर बसलो. एका ओळीत क्षमा असेल आणि दुसरीत अट, असं ठरवून टाकलं. अट कसली असेल, ते मात्र ठरवता येईना. शेवटी फोन केलाच.

मेव्हणीने उचलला. "भावोजी, ताई बोलणार नाही म्हणते."

"नको बोलू दे. पत्रात काय लिहिलंय, तेवढं विचार."

पलीकडे कुजबुज झाली.

"गॅसवर दूध आहे, ते बंद करा."

"आणि दुसरी ओळ?"

पुन्हा कुजबुज.

"दुसऱ्या ओळीतही तेच आहे. तुम्हाला एकदा सांगून कळत नाही म्हणे."